अकरावा जोड

युनूसभाईंनी आयुष्यात एवढा रंग खरडला होता, की राळेगावच्या पेंटर लोकांनी त्यांच्या नावानं बोटं मोडायला हवी होती. पेंटरनं सकाळी लावायचा आणि यांनी दुपारी चाकू घेऊन खरडायचा, असा तो जुना झगडा. "रंग दिसायले चांगला, पण करंट अडवते," हे वाक्य ते चहाच्या टपरीवर, विजेतलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही ऐकवत. बत्तीस वर्षं वायरमनचं काम, खिशात सरकारी परवाना आणि आपल्या हाताची भरपूर घमेंड. काम खरोखरच चांगलं होतं, म्हणून लोक ती घमेंड चालवून घेत.

गावाबाहेर घनश्यामजींची जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं रांगेनं मांडलेली, एकेका यंत्रापुढे एकेक बाई उभी आणि हवेत कायम रुई उडत असलेली. अशा जागी एक ठिणगी पडली तर सगळंच खलास, म्हणून तिथली प्रत्येक तार लोखंडी पाइपातून नेलेली. पण नुसता पाइप टाकून भागत नाही. आतली तार कुठे सोलली आणि पाइपाला लागली, तर ती वीज जमिनीत गेली पाहिजे. त्यासाठी पाइपाचा तुकडा न् तुकडा लोखंडाला लोखंड भिडवून जोडलेला हवा आणि शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचलेला हवा. वीज जमिनीत गेली की फ्यूज उडतो, यंत्र बंद पडतं, मालक शिव्या देतो आणि कुणी मरत नाही. मधला एक जोड तुटला, तर त्याच्या पुढचं लोखंड वीज घेऊन गप्प बसून राहतं. मग कुणाचा तरी हात लागतो.

तिथले जोड जुने आणि गंजलेले होते. त्यांच्यावर भरवसा नको म्हणून युनूसभाईंनी स्वतःच्या डोक्यानं अकरा ठिकाणी तांब्याच्या आखूड पट्ट्या बसवल्या होत्या, जोडाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. कुणी मागितल्या नव्हत्या, कुणाला कौतुकही नव्हतं. भाईंना मात्र जिनिंगमध्ये शिरलं की पहिल्यांदा त्या अकरा पट्ट्याच दिसत.

यंदा दसऱ्याच्या आधी घनश्यामजींना हौस आली. हंगामाच्या मुहूर्ताला व्यापारी येणार, फोटो निघणार, तेव्हा यंत्रं, पाइप, पेट्या सगळं राखाडी रंगात चकचकीत करून टाकायचं त्यांनी ठरवलं. फुलचंद पेंटर डबे घेऊन आला आणि युनूसभाईंनी कुरकुरत अकराही पट्ट्या काढून दिल्या. फुलचंदनं पाइप रंगवले, पाइप जोडणारी सॉकेटं रंगवली, नट रंगवले. जिथे ब्रश पोचू नये तिथेही पोचवला. खंडेनवमीच्या सकाळी रंग वाळला आणि युनूसभाई चाकू घेऊन कामाला लागले. नट सैल करायचा, खालचा रंग पार खरडून लोखंड उघडं करायचं, पट्टी ठेवायची, नट आवळायचा. दुपारपर्यंत दहा जोड झाले.

अकरावा जोड चार नंबरच्या यंत्रावर होता. लाकडी फळीवर यंत्र चालू-बंद करायच्या बटनाची लोखंडी पेटी होती आणि तिच्यात पाइप शिरून संपत होता. चार नंबरवर चौदा वर्षं शकुबाई उभी राहत आली होती. रोज सकाळी ती पूजेच्या पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून त्या पेटीला अगरबत्ती ओवाळायची, बोटं टेकवून कपाळाला लावायची आणि मगच कापूस टाकायला सुरुवात करायची. त्या दिवशी तर खंडेनवमीच. भाई पोचले तेव्हा पेटीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, झेंडूचा हार पार त्या जोडापर्यंत लोंबलेला आणि शकुबाई हात जोडून उभी होती.

"काय करता जी?" त्यांच्या हातातला चाकू बघून तिनं विचारलं.

"काही नाही. थोडा रंग खरडायचा होता."

"मंग खरडा ना. मी परत लावीन कुंकू." तिनं हार बाजूला करायला हातही पुढे केला.

युनूसभाईंना कसंसंच झालं. पूजा झालेल्या पेटीवर आपण चाकू चालवायचा, तोही सणाच्या दिवशी, चार बायका बघत असताना! कुणी काही बोललं नसतं. राळेगावात युनूसभाईंना बोलणारं कुणी नव्हतं. तरी त्यांना ते बरं दिसेना. शिवाय भूक लागली होती आणि घरी बायकोनं, जुबैदानं, मटण टाकलं होतं, हेही खरं. त्यांनी रंगावरच पट्टी ठेवली, नट आवळला आणि म्हणाले, "राहू द्या, शकुबाई. दसरा होऊ द्या, मंग पाहतो."

पट्टी जागेवर दिसत होती. लांबून बघणाऱ्याला अकराच्या अकरा पट्ट्या नीट बसलेल्या दिसल्या असत्या. दसरा झाला, मुहूर्त झाला, फोटो निघाले. मग कापसाच्या गाड्या लागल्या, यंत्रांच्या मोटारी जळू लागल्या, युनूसभाईंना पाणी प्यायला फुरसत उरली नाही. अकरावा जोड दोनतीनदा आठवला आणि दर वेळी दुसरं काम आडवं आलं. नंतर तो आठवायचाही बंद झाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते जिनिंगच्या आवारात वजनकाट्याची तार बघत होते. आतून बायकांचा कल्लोळ ऐकू आला. ते धावत गेले. चार नंबरपुढे शकुबाई पडली होती. उजवा तळवा काळा पडला होता, डोळे अर्धे उघडे होते. बाजूला तिचा पितळी तांब्या लवंडलेला, फरशीवर पाणी, पाण्यात विझलेली अगरबत्ती. कुणीतरी मेन स्विच पाडला होता. माणसांनी तिला उचलून घनश्यामजींच्या गाडीत घातलं. तेवढ्यात घनश्यामजींनी युनूसभाईंचा दंड धरला.

"भाई, काय झालं हे?"

"पाणी सांडलं असन पेटीवर," युनूसभाई म्हणाले.

त्यांनी पेटी उघडलीही नव्हती. नुसता तांब्या दिसला आणि तोंडातून वाक्य निघालं. विचार करून बोलले असते तर कदाचित निराळं बोलले असते, असं ते पुढे स्वतःला सांगत राहिले. पण घनश्यामजींनी ते वाक्य मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं बायकांना, आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळ्या जिनिंगला ठाऊक झालं, की शकुबाईनं पूजेचं पाणी पेटीवर ओतलं.

सगळे पांगल्यावर युनूसभाईंनी मेन स्विच वर केला आणि टेस्टचा दिवा काढला. होल्डरात एक बल्ब, त्याला दोन तारा. बत्तीस वर्षांत या दिव्यानं त्यांना कधी फसवलं नव्हतं. एक तार त्यांनी पेटीला लावली, दुसरी तिच्यात शिरणाऱ्या पाइपाला. पेटी आणि पाइप एकच लोखंड असायला हवं होतं. दिवा पेटायला नको होता. दिवा चांगला लख्ख पेटला. म्हणजे पेटीत वीज होती आणि ती पाइपात उतरत नव्हती.

आत एक तार पेटीच्या कडेला घासून सोलली होती आणि लोखंडाला टेकली होती. ती आज टेकली की कालपासून, देव जाणे. पाण्याचा थेंबही आत नव्हता. पट्टीखाली फुलचंदचा राखाडी रंग जसाच्या तसा होता आणि पेटीवर कुंकवाची जुनी बोटं अजून अंधूक दिसत होती.

युनूसभाईंनी मेन पाडला, तार बदलली, नट काढला आणि खिशातला चाकू काढून तो जोड खरडला. दसऱ्याला पाच मिनिटांत झालं असतं, आज दोन मिनिटांत झालं. पट्टी आवळून मेन वर केला, पुन्हा दिवा लावला, नाही पेटला. मग ते तिथेच फरशीवर बसले. आपण जोड दुरुस्त केला, का आपला गुन्हा पुसला, हे त्यांचं त्यांनाच नीट सांगता येईना.

पाचव्या दिवशी ते संत्री घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेले. आज सांगून टाकायचं, असं एसटीत बसल्यापासून घोकत होते. शकुबाई खाटेवर टेकून बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या आणि दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सून दीपा उशाशी होती. तिनं भाईंना स्टूल दिलं आणि पुटपुटली, "आत्याबाईले कितीकदा सांगितलं, मशीनले कायले पूजता म्हणून."

शकुबाईनं सुनेला हातानंच गप्प केलं. "युनूसभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या कामाले बट्टा लागला माह्यापाई. तुमची वायरिंग कवा दगा देत नाही, साऱ्याइले मालूम आहे. मले तर काहीच आठवत नाही. पण साऱ्या म्हणून राह्यल्या पाणी सांडलं, तर सांडलंच असन म्या. मले माफ करा, भाऊ."

डाव्या हातानं ती त्यांच्या पायांकडे वाकायला लागली. युनूसभाई ताडकन उठले.

"नाही नाही, बाई. असं नका करू."

"मंग माफ केलं म्हणा."

दीपा बघत होती, शेजारच्या खाटेवरची म्हातारी बघत होती. घोकलेलं राहिलं आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. "केलं," युनूसभाई म्हणाले. "माफ केलं." शकुबाईचा चेहरा निवला. तिनं त्यांच्याच संत्र्यातलं एक त्यांना सोलून द्यायला सुनेला सांगितलं आणि त्यांना ते खावं लागलं.

 त्या रात्रीपासून भाईंना घरी जेवण जाईना. जुबैदा त्यांना काही आजपासून ओळखत नव्हती. दोन दिवस तिनं वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घराचं दार लावून समोर बसवलं. त्यांनी सांगितलं. रंगाचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, पण खंडेनवमीचं सांगताना म्हणाले, की शकुबाईनं खरडू दिलं नाही, पूजा झाली म्हणून आडवी आली.

"ती असं बोलली?" जुबैदानं विचारलं.

 आठदहा दिवस युनूसभाई मनातल्या मनात ती दुपार अशीच घडवत होते, आणि घडवता घडवता त्यांना ती जवळपास खरी वाटायला लागली होती. पण जुबैदापुढे त्यांना शकुबाईचा हार बाजूला सारणारा हात स्पष्ट दिसला. आता तो हात बँडेजात होता.

"नाही," ते म्हणाले. "ती तर म्हणाली, खरडा, मी परत कुंकू लावीन."

जुबैदा रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि पाणी घेऊन आली. "परवाना जाईल," ती एवढंच म्हणाली. मग भांडं त्यांच्यापुढे ठेवत, "जाऊ दे."

असं घरात बोलणं सोपं होतं. भाईंनी त्यानंतरही आठवडाभर तोंड उघडलं नाही. जिनिंगमध्ये जात, काम करत, चार नंबरकडे पाठ करून उभे राहत. चार नंबरवर आता दुसरी बाई होती. यंत्रांची पूजा करायला मनाई, असा कागद मॅनेजरनं दारावर लावला होता आणि बायका त्याचं खापर शकुबाईवर फोडत होत्या.

महिना उलटला आणि यवतमाळहून विजेचे इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. तरुण, नीटनेटके, बोलायला मऊ. शकुबाईला जबाबासाठी बोलावलं होतं. ती दीपाचा हात धरून आली आणि दाराजवळच उभी राहिली. चहाची सुट्टी होती, त्यामुळे बायकाही जमल्या. साहेबांनी मीटर काढून अर्थिंगच्या खड्ड्यापासून एकेक जोड तपासला. चार नंबरच्या पेटीवर त्यांनी दोनदा तपासलं.

"वायरिंग चोख आहे," ते म्हणाले. "एवढ्या जुन्या पाइपांवर इतकं चांगलं काम मी जिल्ह्यात पाहिलं नाही. कुणी केलंय?"

"आपले युनूसभाई," घनश्यामजी अभिमानानं म्हणाले.

असली शाबासकी ऐकायला भाईंनी बत्तीस वर्षं वाट बघितली होती. आता ती मिळाली आणि त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

साहेबांनी कागद लिहिला आणि वाचून दाखवला: कामगार महिलेनं विद्युत पेटीवर पाणी सांडल्यामुळे, स्वतःच्या निष्काळजीपणानं अपघात घडला. घनश्यामजींनी मान डोलावली. कागदावर सही झाली की त्यांच्यावर उपचाराची जबाबदारी उरत नव्हती आणि शकुबाईला परत कामावर घेण्याचा प्रश्नही मिटत होता. मॅनेजरनं पेन तिच्या डाव्या हातात दिलं. तिला डाव्या हातानं लिहिता येईना. पहिलं अक्षर वाकडं झालं तशी ती ओशाळून म्हणाली, "थांबा जी, काढते. हात नाही वळत."

"थांबा," युनूसभाई म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भाईंचा आवाज इतका चिरकला होता, की मॅनेजरला वाटलं त्यांना काही झालंच.

"त्याइनं पाणी नाही सांडलं, साहेब. पेटी आतून कोरडी होती. म्या पाह्यली होती. जोड तुटेल होता. पट्टीखाली रंग होता, म्या खरडला नव्हता."

साहेबांनी मीटरकडे बघितलं. "पण जोड तर उत्तम आहे."

"आता आहे. ह्या पडल्या त्या दिवशी मागून खरडला म्या. साऱ्याइले पांगू देल्लं अन् खरडला."

"भाई, तुम्ही काय बोलून राह्यले?" घनश्यामजी पुढे आले. "साहेब, याइची तब्येत ठीक नाही. वय झालं."

युनूसभाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मेन पाडला, पाना काढला आणि पहिल्या जोडाचा नट सोडवला. खालचं लोखंड काळपट पडलं होतं, कडेनं गंजाची बारीक रेघ होती. "हे दसऱ्याचं," ते म्हणाले. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, सगळीकडे तसंच. नंतर ते चार नंबरकडे गेले आणि पेटीचा नट सोडवला. तिथलं लोखंड अजून बरंच उजळ होतं. "अन् हे डिसेंबरचं. तुमी शिकलेले आहा, पाहा."

साहेब खाली वाकले. बोटानं एकदा इकडचा जोड चाचपला, एकदा तिकडचा. मग उभे राहिले आणि लिहिलेला कागद त्यांनी दुमडून खिशात ठेवला.

"दसऱ्याला का नाही खरडलं?"

"पूजा झालती पेटीची. कुंकू होतं." युनूसभाईंना इथे थांबता आलं असतं. एवढ्यावर लोकांनी त्यांना सांभाळून घेतलं असतं, थोडं भलंही म्हटलं असतं. पण त्यांनी बळंच पुढे बोलणं रेटलं. "पण शकुबाई म्हणाल्या होत्या, खरडा, मी परत लावीन. म्याच नाही खरडलं. भूक लागलती मले, घरी जायचं होतं. अन् त्या पडल्या तवा पाणी सांडलं म्हणून पहिल्यानं कोण बोललं, तर मीच बोललो. त्याइची काही चूक नाही."

 साहेबांनी हात पुढे केला आणि युनूसभाईंनी शर्टाच्या खिशातून परवाना काढून त्यांना दिला. प्लॅस्टिकच्या पाकिटात बत्तीस वर्षं जपलेला कागद. घनश्यामजी काहीतरी पुटपुटत ऑफिसकडे गेले. साहेबांनी नवा कागद घेतला आणि शकुबाईला म्हणाले, की तिनं आज कशावरही सही करायची नाही.

शकुबाई सावकाश चालत युनूसभाईंपुढे आली. आता ती रडेल, किंवा शिव्या घालेल, असं त्यांना वाटलं आणि दोन्हींसाठी ते तयार होते. 

"मी रोज देवापुढं नाक घासून राह्यली होती," ती म्हणाली. "म्हटलं आपल्या हातून काय पाप झालं. अन् दवाखान्यात तुमी मले माफ केलं होतं, युनूसभाऊ."

"होय," युनूसभाई म्हणाले.

"काहून केलं?"

 दीपानं सासूचा दंड धरून "चला आत्याबाई" म्हटलं. पण शकुबाई हलली नाही. पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून ती त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.